घाट चढून आलेली मासळी फ्रिजमध्ये ठेवताना: काय, कुठल्या क्रमाने, आणि नेमकं कुठे चुकतं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आपल्या घरांत समुद्राची मासळी येते ती चोर्ला, अनमोड नाहीतर आंबोली घाट चढून. जाळ्यातून निघाल्यापासून आपल्या ओट्यावर येईपर्यंत तिचे शंभरावर किलोमीटर आणि बरेच तास झालेले असतात. आपण मात्र बंदरावर राहत असल्यासारखे वागतो. पिशवी आणली, नळाखाली धरली, डब्यात भरली, फ्रिजात ढकलली. "फ्रिजात हाय की, काय होत नाही ओ!" हे मी माहेरी ऐकलं, सासरीही ऐकलं आणि बरीच वर्षं स्वतःही म्हणत आले.

मग एकदा गोव्याहून बारसं आटोपून येताना दीड किलो बांगडा घेतला. प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाडीच्या डिकीत, बर्फाशिवाय. कणकुंबीला चहाला थांबलो, जांबोटीला कुणाला तरी भेटलो. दुपारी चारला घरी येऊन मासे फ्रिजात टाकले आणि दुसऱ्या दिवशी तळले. वास नव्हता, डोळेही बरे दिसत होते. पहिला तुकडा खाताना सासरे म्हणाले, "मिरी जास्त झाली काय गं?" मिरी मी घातलीच नव्हती. पंधरा-वीस मिनिटांत त्यांचे कान लालबुंद झाले, डोकं ठणकायला लागलं, छाती धडधडायला लागली. सगळ्यांना वाटलं, ॲलर्जी. साठ वर्षं बांगडा खाणाऱ्या माणसाला एका दुपारी ॲलर्जी कशी झाली, याचं उत्तर शोधताना जे कळलं ते खाली क्रमाने लिहिलं आहे.

## सुरुवातीला एवढं डोक्यात पक्कं करा

मासळीवर एकच जीवाणू नसतो, तिथे बाजार भरलेला असतो. फ्रिज तो बाजार बंद करत नाही. उकाड्यात धावणाऱ्यांना तो बसवतो आणि थंडीत चालणाऱ्यांना पुढे काढतो.

थंडीत चालणारे मुख्य दोघं म्हणजे स्यूडोमोनास आणि शेवानेला. मासळी नासवतात ते बहुतेक हेच, आणि 'मासळी वास मारायला लागली' म्हणतो तो वासही बराचसा यांचाच. त्यांचं आपसातही जमत नाही. स्यूडोमोनास मासातलं लोह पकडून ठेवणारं द्रव्य सोडतो आणि शेवानेलाला उपाशी ठेवतो. एखाद्या जातीची गर्दी टोकाला गेली की बाकीच्यांची वाढही थांबते. म्हणजे नासवणारे जीवाणू कधीकधी आजार करणाऱ्यांना आवरून धरतात, आणि वर वास सोडून आपल्याला सावधही करतात.

पण हेच नासवणारे दुसऱ्या बाजूने आजार करणाऱ्यांना मदतही करतात. स्यूडोमोनासने सुरी-पाटावर जो बुळबुळीत थर धरलेला असतो, त्यात लिस्टेरिया हा आजार करणारा जीवाणू सुखाने राहतो. काही जीवाणू मासातली प्रथिनं फोडून ठेवतात, ती दुसऱ्यांना आयती मिळतात. बांगड्यात तर एक जीवाणू हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य, बनवतो आणि शेजारचा प्युट्रेसिन, कॅडाव्हेरिन बनवतो. आपल्या आतड्यात हिस्टामिनची विल्हेवाट लावणारं जे विकर (एन्झाइम) असतं, त्याला ही दुसरी दोन द्रव्यं अडवून धरतात. त्यामुळे तेवढंच हिस्टामिन जास्त बाधतं.

यातून कामाच्या दोन गोष्टी निघतात. वास नाही म्हणजे मासळी निर्धोक, असं धरू नका. आणि फ्रिजमध्ये काय होणार, ते बहुतांशी फ्रिजच्या आधीच्या तासांत ठरून गेलेलं असतं.

## टप्पा १: आदल्या रात्री फ्रिज तयार करा

आपण मासळी आधी आणतो आणि जागा मग शोधतो. इथेच अर्धा तास जातो आणि पिशवी ओट्यावर पडून राहते.

फ्रिजसाठी मिळणारं छोटं थर्मामीटर आणा. तापाचं चालणार नाही, ते एवढं खाली उतरतच नाही. पेलाभर पाण्यात ते बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्याबरोबर वाचा. ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली असलं पाहिजे. आमच्या फ्रिजच्या मागच्या भिंतीपाशी ४ आणि दारात ९ निघाले. मी वर्षानुवर्षं कोळंबीचा डबा दारातच ठेवत होते, कारण तिथे तो बरोबर बसायचा.

आकडा ४ च्या वर असेल तर थंडी वाढवा, कोंबलेलं सामान कमी करा, दाराचं रबर बघा. दारात कागदाचा कपटा धरून दार लावा. कपटा सहज निघून आला तर रबर ढिलं झालं आहे.

खालचा एक कप्पा पूर्ण मोकळा करा. फ्रीजरमध्ये बर्फ लावा, मासळीच्या वजनाइतका तरी. जुन्या बाटल्या पाऊण भरून गोठवल्या तर त्या प्रवासाला होतात, पण डब्यात मासळीला लागून ठेवायला बर्फाचे खडेच हवेत.

तपासणी: ४ अंश दिसलं, कप्पा रिकामा आहे, बर्फ झाला आहे. यातलं एक जरी नसेल तर त्या दिवशी त्याच जेवणापुरती मासळी आणा.

## टप्पा २: बाजारात

मासळी सगळ्यात शेवटी घ्या. रविवारी आपण आधी मासे घेतो, मग भाजी, कोथिंबीर, नारळ, आणि वाटेत कुणीतरी ओळखीचं भेटतंच. हा क्रम उलटा करा.

"मावशी, कधीची?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "आत्ताच उतरलंय ओ अक्का, डोळं बघा की!" डोळे बघाच, पण त्याआधी बर्फ बघा. मासा बर्फात पुरला आहे, की बर्फाच्या ढिगावर शोभेला मांडला आहे? वर मांडलेल्या माशाची खालची बाजू गार असते आणि वरची ऊन खात असते. हाताच्या पालथ्या बाजूने माशाची पाठ चाचपून पाहा. चटका बसावा इतका गारठा लागला पाहिजे.

मग कल्ले उचलून बघा: लाल किंवा गडद गुलाबी हवेत, तपकिरी चिकट नकोत. मांस बोटाने दाबलं की वर यायला हवं. पोट फुटलेलं नको. कोळंबीच्या डोक्यापाशी दिसणारे काळे डाग मात्र कोळंबीच्याच विकरामुळे येतात. त्याने ती विषारी होत नाही, पण पकडून बराच वेळ झाला हे कळतं. मोरीला (लहान शार्कला) अमोनियाचा भपकारा आला तर घेऊ नका. तिच्या अंगातला युरिया जीवाणूंनी फोडायला घेतला आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बांगडा, तारली, पेडवे, कुपा, सुरमई या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा गरम राहिला की मॉर्गनेलासारखे जीवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ते एकदा तयार झालं की तळून जात नाही, उकळून जात नाही, गोठवून जात नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकात १०० ग्रॅम मासळीत २० मिलिग्रॅम ही त्याची वरची मर्यादा आहे, आणि ते डोळ्याला, नाकाला कळत नाही. पापलेट, कोळंबी, मुडदुशी यांत हा धोका फारसा नाही. म्हणून माझा नियम असा: बर्फाबद्दल शंका आली तर त्या दिवशी बांगडा सोडायचा. स्वस्त मिळाला म्हणून तर अजिबात घ्यायचा नाही.

१ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत 'ताजा' म्हणून समोर येणारा बांगडा कोल्ड स्टोरेजमधून काढून सुटा केलेला असू शकतो. सरळ विचारा. तसा असेल तर घरी पुन्हा गोठवू नका, त्याच दिवशी खा. नाहीतर नदीचा रोहू, कटला बरा.

इशारा: साफ करून घ्यायचे असतील तर पोट-कल्ले काढण्यापुरतेच घ्या. तिथला लाकडी ठोकळा दिवसभर सगळ्यांच्या मासळीचा असतो, आणि जितके तुकडे, तितकी जीवाणूंना पसरायला जागा. मोठी सुरमई कापून घ्यावीच लागते, पण बांगडे अख्खे आणा.

## टप्पा ३: घरापर्यंत

बर्फाचा डबा नाहीतर जाड थर्माकोलची पेटी न्या. खाली बर्फ, मध्ये पिशवी, वर बर्फ. स्कूटरच्या डिकीत मासळी ठेवू नका, एप्रिलमध्ये ती डिकी भट्टीसारखी तापते.

बर्फाबाहेरचा वेळ बेरजेत धरायचा असतो. बाजारातून घरी अर्धा तास, ओट्यावर वीस मिनिटं, मसाला लावून बाहेर ठेवलेली पाऊण तास, असं सगळं मिळून दोन तासांच्या आत हवं. कडक उन्हाळ्यात एका तासात. मधेच फ्रिजात ठेवल्याने मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही. कारण उकाड्यात जीवाणूंनी हिस्टामिन बनवणारं विकर एकदा तयार केलं की पुढे जीवाणू गारठले, मेले, तरी ते विकर फ्रिजात हळूहळू काम करत राहतं. माझ्या बांगड्याचं नेमकं हेच झालं होतं. डिकीत विकर तयार झालं आणि रात्रभर फ्रिजात त्याचं काम चालू राहिलं. नासवणाऱ्या जीवाणूंना मात्र वास सोडण्याइतकं वाढायला एक रात्र पुरली नाही, म्हणून वासही आला नाही.

## टप्पा ४: साफ करणं

क्रम असा: आधी सिंक रिकामं. ओली कोथिंबीर, चिरलेला कांदा, घासून पालथी घातलेली भांडी, सगळं बाजूला. मग पातेल्यात गार पाणी आणि थोडा बर्फ. एका वेळी तीन-चारच मासे बाहेर काढा, बाकीचे बर्फातच राहू द्या.

पहिल्यांदा कल्ले आणि पोट. हिस्टामिनवाले जीवाणू जिवंत माशाच्या कल्ल्यात आणि आतड्यातच असतात, मांसात नसतात. आतडं फोडून ते मांसावर पसरवायचं नाही. कण्याला चिकटलेली काळपट रक्ताची रेघ अंगठ्याने काढून टाका. मग पातेल्यातल्या पाण्यात बुडवून धुवा. नळाच्या जोरदार धारेखाली धरलं की शिंतोडे हातभर लांब उडतात, आणि तिथे नेमकी कोशिंबीर असते.

लिंबू, मीठ-हळद, कोकमाचं आगळ लावा, चवीला उत्तमच. पण लिंबाने वास का जातो, हे माहीत असू द्या. वासाचं जे द्रव्य असतं, ट्रायमिथाइलअमाइन, ते आम्लात बांधलं जातं आणि हवेत उडत नाही. वास गेला, जीवाणू तिथेच. लिंबू लावण्याआधी वास घ्या, नंतर नको. आणि 'वास मारतंय, जरा जास्त कोकम घाल' हा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका, सासूबाईंनी दिला तरी.

साफ झाल्यावर विळी. आमच्या विळीचं पातं पाटात बसतं तिथे एक बारीक फट आहे. एकदा तिच्यात सुई घातली तर करड्या रंगाची बुळबुळीत तार निघाली. वरून विळी लख्ख होती. लिस्टेरियाला आसरा देणारा थर म्हणतात तो असल्याच फटीत धरतो. म्हणून आधी साबण आणि घासणी, फटीत जुना टूथब्रश, आणि त्यानंतर उकळतं पाणी. उलट करू नका. आधी उकळतं पाणी ओतलं तर माशाचा चिकटा शिजून तिथेच पक्का बसतो. शेवटी उन्हात वाळवा. सिंकची जाळी आणि ओट्याचं फडकंही धुवा. फडकं कुणी धुवत नाही.

## टप्पा ५: फ्रिजात रचणं

मोठ्या पातेल्यात स्टीलची चाळणी बसवा. चाळणीत बर्फाचे खडे, त्यावर पुसून कोरडी केलेली मासळी पातळ पिशवीत, वर पुन्हा बर्फ, आणि झाकण. वितळलेलं पाणी खाली पातेल्यात पडतं, मासळी त्यात डुंबत नाही. सकाळ-संध्याकाळ पाणी ओता, बर्फ भरा. हे पातेलं सगळ्यात खालच्या कप्प्यात, मागे. वर ठेवलं तर गळणारं पाणी खालच्या दह्यात.

एवढा खटाटोप कशाला? ४ अंशांवर मासळी ० अंशाच्या जवळपास दुप्पट वेगाने नासते, १० अंशांवर चौपट. आणि लिस्टेरिया ४ अंशांवरही वाढतो, अगदी शून्यापर्यंत वाढू शकतो, फक्त फार सावकाश. खाऱ्या पाण्यातला, जुलाब करणारा व्हिब्रिओ जीवाणू मात्र साधारण ५ अंशांच्या खाली वाढत नाही. उकाड्यात मात्र तो फार भराभर वाढतो. म्हणजे नीट गार फ्रिज व्हिब्रिओला थोपवतो, लिस्टेरियाला नाही. लिस्टेरियावर उपाय एकच: दिवस कमी ठेवा आणि नीट शिजवा.

बांगडा, तारली त्याच दिवशी करा. बाकीची कच्ची मासळी एक, फार तर दोन दिवस. मसाला लावला म्हणून दिवस वाढत नाहीत, मोजणी बाजारातल्या वेळेपासूनच.

तिसऱ्या (शिंपल्या) जिवंत असतात. त्या ओल्या फडक्यात, उघड्या भांड्यात ठेवा, गोड्या पाण्यात किंवा गच्च पिशवीत नको. शिजवल्यावर न उघडलेली टाकून द्या.

तपासणी: पातेल्यात बर्फ शिल्लक आहे का? बर्फ दिसतोय तोवर मासळी शून्याच्या आसपास आहे. यासाठी थर्मामीटरही लागत नाही.

## टप्पा ६: व्हॅक्यूम पॅक आणि फ्रीजर

हवा काढलेल्या पाकिटात हवा लागणारा स्यूडोमोनास मागे पडतो आणि वास उशिरा येतो. पण हवा नको असणारा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम, जीवघेणं विष करणारा जीवाणू, तिथे मोकळा होतो. त्याची थंडीतली जात ३ अंशांइतक्या थंडीतही वाढू शकते, म्हणजे घरच्या फ्रिजमध्ये. त्यामुळे असं गोठवलेलं पाकीट वितळवण्याआधी कात्रीने फोडा, मगच फ्रिजात ठेवा. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. कोळंबीचं घरगुती लोणचं तेलात बुडवून आठवडे ठेवतात, तिथेही हाच धोका. व्हिनेगर भरपूर घाला, फ्रिजातच ठेवा, थोडंच करा.

फ्रीजर उणे १८ हवा. तिथे जीवाणू थांबतात, मरत नाहीत. एका जेवणाची एक पिशवी, वर तारीख. वितळवायचं रात्रभर खालच्या कप्प्यात, ताटात ठेवून. ओट्यावर नाही, उन्हात नाही, गरम पाण्यात नाही. विकर गोठल्यावर झोपतं आणि वितळल्यावर पुन्हा उठतं, म्हणून वितळलेला बांगडा ताबडतोब कढईत.

## टप्पा ७: शिजवणं आणि उरलेलं

जाड तुकडीच्या आत ७० अंश दोन मिनिटं लागले की लिस्टेरिया मरतो. व्हिब्रिओ त्याआधीच. तुकडीत खुपसायचं थर्मामीटर नसेल तर तुकडी मधोमध उचकून बघा: काचेसारखा भाग कुठेही नको, काट्यापासून मांस सहज सुटायला हवं. मोठ्या आचेवर तळलेली जाड सुरमई वरून खरपूस आणि काट्यापाशी कच्ची, हे आपल्याकडे फार होतं.

शिजवलेली मासळी जास्त सुरक्षित, असं आपण धरतो, आणि निष्काळजीपणाही तिथेच करतो. कच्च्या माशावर जीवाणूंची एवढी गर्दी असते की आपल्या हातावरचा स्टॅफिलोकोकस तिथे टिकाव धरत नाही. शिजवल्यावर ते मैदान रिकामं होतं. उकडून, हाताने सोलून, पुलावासाठी बाजूला ठेवलेली कोळंबी म्हणजे त्याला आमंत्रणच. अशी कोळंबी बाहेर राहिली तर तो जे विष करतो, ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. कच्च्या माशाचं पाणी लागलेल्या ताटात तळलेले तुकडे काढले, तर लिस्टेरियालाही हेच रिकामं मैदान मिळतं.

म्हणून ताट वेगळं, चिमटा वेगळा, सोलण्याआधी हात साबणाने. उरलेली आमटी पसरट भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजात, आणि तीन दिवसांत संपवा. खाताना वाफ येईपर्यंत तापवा. घरात गरोदर बाई, म्हातारं माणूस, केमो चाललेलं किंवा यकृताचा आजार असलेलं कुणी असेल तर त्यांना गार मासळी, गार कोळंबी देऊ नका.

## लाईट गेली तर

वळवाच्या पावसात संध्याकाळी लाईट गेली की दार उघडून 'गार आहे का' बघत बसू नका. बंद फ्रिज साधारण चार तास धरतो, भरलेला फ्रीजर ४८ तास, अर्धा भरलेला २४. पातेल्यात बर्फ शिल्लक असेल तर मासळी बरी. बर्फ संपून कधीपासून पाणी झालं हे सांगता येत नसेल तर टाकून द्या. आधी बांगडा.

## जेवल्यावर काही झालं तर

काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत तोंड लाल, अंगाला खाज, डोकेदुखी, धडधड, खाताना मिरीसारखी चुणचुण: हिस्टामिनचा संशय घ्या. दम लागला, चक्कर आली तर थेट दवाखाना. साधारण दिवसाभरात पाण्यासारखे जुलाब आणि पोटात मुरडा आला तर व्हिब्रिओ असू शकतो. दुहेरी दिसणं, पापण्या जड होणं, गिळता न येणं हे बोट्युलिनमचं लक्षण आहे, त्यात एक तासही घालवू नका. लिस्टेरियाचा ताप कित्येक आठवड्यांनीही येतो. गरोदर बाईला ताप आला तर महिन्यापूर्वी गार मासळी खाल्ली होती का, तेही डॉक्टरांना सांगा.

डॉक्टरांना नुसतं 'मासे खाल्ले' म्हणू नका. कुठला मासा, कधी घेतला, बर्फाबाहेर किती वेळ होता, आणखी कुणाला त्रास झाला, हे सांगा. उरलेला तुकडा मांजराला घालू नका. पिशवीत बंद करा, वर तारीख-वेळ लिहा आणि फ्रीजरमध्ये वेगळा ठेवा. तपासणीची वेळ आलीच तर तोच लागतो.